डिसेंबरातली भुलाबाई

टक्.

दुपारच्या शांततेत इंदूच्या शाळेच्या अल्युमिनियमच्या पेटीची कडी वाजली, आणि प्रमिलाच्या हातातली सुई बटणाच्या तिसऱ्या भोकातच थांबली. ही कडी सकाळी पेटी भरताना वाजायची आणि संध्याकाळी अभ्यासाच्या वेळी. भर दुपारी वाजली, तर शाळेने काहीतरी पाठवलं आहे आणि ते सांगायला इंदूला आत्ता कुठे धीर आला आहे, असं समजायचं. मागच्या वेळी अशाच 'टक्'मधून उवांची चिठ्ठी निघाली होती.

"आई, तू रागावशीन नाही नं?"

"अगोदर दाखव."

सौंसरला सिस्टर लोकांची शाळा निघून तीन वर्षं झाली होती. चिठ्ठी शुद्ध हिंदीत होती. इंदूने सांगितल्यावरून आपण मूर्तिकार असल्याचं कळलं. क्रिसमसच्या झाँकीच्या, म्हणजे देखाव्याच्या, जुन्या मूर्ती कागदाच्या लगद्याच्या होत्या, त्या यंदा उंदरांनी खाल्ल्या. तरी माता मरियम, संत योसेफ आणि बालक येशू असे तिघे वीस तारखेपर्यंत करून द्यावेत. सहयोग के लिए धन्यवाद.

धन्यवाद आधीच देऊन झालेले असल्यामुळे नकार द्यायला जागा उरली नव्हती.

"इंदू, मी मूर्तिकार हाये असं तुले कोणं सांगितलं?"

"तू नाही काय भुलाबाईचे डोळे काढले?"

हे खरं होतं. भाद्रपदाच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत त्यांच्या घरी भुलाबाई बसायची. मातीची पार्वती, शेजारी फेटा घातलेला भुलोजी म्हणजे शंकर, मांडीवर लेकरू आणि वर ज्वारीच्या पाच धांड्यांचा मांडव. यंदा बाजारातून आणलेल्या भुलाबाईचा एक डोळा कपाळाकडे बघत होता, म्हणून प्रमिलाने काजळाच्या काडीने दोन्ही डोळे सारखे केले होते. त्या दोन डोळ्यांवर इंदूने अख्खा कारखाना उभा केला होता.

"सिस्टर म्हणे, झूठ तो नहीं बोल रही? मी म्हटलं, मेरी आई को सब आता है. साऱ्या पोरी आयकून राहिल्या होत्या."

प्रमिलाने बटण शिवायचं सोडून पोरीकडे पाहिलं. पाच वर्षांच्या माणसाने साऱ्या वर्गासमोर दिलेला शब्द होता तो. आणि अगदीच खोटा तरी कसा म्हणायचा? वरूडला माहेरी असताना प्रमिलाने चित्रकलेची इंटरमिजिएट दिली होती, 'बी' श्रेणीत पास. प्रमाणपत्र ट्रंकेत लग्नाच्या शालूखाली होतं. सासर मध्यप्रदेशातलं, तिथे ही परीक्षाच कोणाला माहीत नव्हती, त्यामुळे सहा वर्षांत त्याची घडी मोडायची वेळ आली नव्हती.

"वरूडची आजी सांगे, तसं मी नव्हती तवा तू रोज चित्रं काढे काय?" इंदूने विचारलं.

"झोप आता," प्रमिला म्हणाली.

प्रमिलाचा नवरा मनोहर एका सरकारी कार्यालयात आवक-जावक सांभाळायचा. जगातली कुठलीही अडचण कागदावर आली की ती आपोआप दुसऱ्याची होते, हा त्याचा अनुभव होता. चिठ्ठी वाचून तो म्हणाला, "लिहून दे. विषय, मूर्ती बनविण्यास असमर्थ असल्याबाबत. वर संदर्भ टाक, खाली सही कर. संपलं."

"आन् इंदू?"

"तिचा काय संबंध? पत्र तुह्या नावानं हाये." मग थोडं थांबून, जरा मऊ आवाजात, "जमते काय तुले?"

त्या 'काय'मुळे प्रमिलाने दुसऱ्या दिवशी माती आणली.

माती उत्तम होती. शेजारच्या केसरबाईंच्या मळ्यातली, काळी, लोण्यासारखी. दोष असलाच तर करणारीचा. दुपारी इंदू झोपली की दीड-दोन तास प्रमिलाचे स्वतःचे असायचे. त्यात तिने पहिल्या दिवशी बाळ केलं, ते भरताच्या वांग्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी योसेफ केला. त्याची मान ठरेना म्हणून आतून तुरीची काडी घातली. मान ठरली, पण ती एका बाजूला कलून ठरली.

केसरबाई भिंतीवरून डोकावल्या. साठीच्या बाई, नऊवारी, तोंडात सदा सुपारी. एकही गोष्ट त्यांना विचारावी लागत नसे, त्या होऊन सांगत.

"अव माय! हा कोन व?"

"योसेफ हाये, केसरबाई. येशूचा बाप."

केसरबाईंनी बराच वेळ पाहिलं. "बिमार हाये काय?"

प्रमिलाने योसेफची मान बोटाने सरळ करून पाहिली. कलावंताने टीका पचवायची असते, असं वरूडचे ड्रॉइंगमास्तर सांगत. पण त्यांच्या टीकेत सुपारी नसायची.

तेवढ्यात समोरचे भगवंतराव आले. ते निवृत्त पटवारी होते, आणि जमिनीच्या तुकड्याशिवाय कुठल्याही प्रसंगाचा विचार त्यांना करता येत नसे. प्रमिलाने सारी हकीकत सांगितली, की बेथलेहेमात जागा मिळाली नाही, म्हणून गोठ्यात जन्म झाला.

"गोठा कोणाचा?" भगवंतरावांनी विचारलं.

"ते काही दिलं नाही."

"असं कसं? परक्याच्या गोठ्यात बाळंतीण झाली म्हणता, तं मालकाची संमती होती काय? का नुसता कब्जा? अन् हे लोक त्या गावाले गेले काहून होते?"

"शिरगणती होती. नाव लिहायला गेले होते."

"मंग!" भगवंतरावांचा चेहरा उजळला. चाळीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी अशा कित्येक शिरगणत्या केल्या होत्या, आणि लोकांची गैरसोय झाल्याशिवाय शिरगणती झाल्याचं त्यांना आठवत नव्हतं. येशूबद्दल त्यांना तिथून जो जिव्हाळा वाटू लागला तो कायमचा. "गोठ्याची पाटी मी लिहून देतो," त्यांनी जाहीर केलं.

केसरबाई मात्र मुद्द्याच्या होत्या. "माय, हे तुह्या हातचं काम नोहे. पांढुर्ण्याले रामाजी कुंभार हाये. आपल्या साऱ्याइच्या भुलाबाया त्याच्याच. शनिवारी जाय, इंदूले मी पाह्यतो."

शनिवारी प्रमिला पांढुर्ण्याला गेली. रामाजीच्या अंगणात दिवाळीतल्या उरलेल्या पणत्या आणि एक बिनरंगाचा पोपट होता. रामाजीने बिडी विझवली आणि ग्राहकाचं दुखणं ऐकून घेतलं.

"सांगा बाई. मानसं किती?"

"तिघं. नवरा, बायको, आणि तान्हं लेकरू. गोठ्यात बसलेले."

"बायकोच्या मांडीवर लेकरू?"

"हो."

"बाजूले नवरा?"

"हो."

"वरतं धांड्याचा मांडव?"

"गोठा. पण... तसाच."

रामाजीने तिच्याकडे दयेने पाहिलं. "बाई, हे तं भुलाबाईच झाली ना. साचा तयार हाये."

"नाही हो रामाजी, हे ख्रिस्ती लोकांचं आहे."

"असन. लेकरू मांडीवरच बसते ना त्याइचंही?"

फक्त एक अडचण प्रमिलाने दबकत सांगितली. भुलाबाईच्या मांडीवरचं लेकरू म्हणजे गणपती.

"सोंड मी मांगून चिकटवत असतो," रामाजी म्हणाला. "नाही चिकटवली का लेकरू हे लेकरूच." मग धंद्याचा माणूस म्हणून त्याने विचारलं, "नवरा काय करते?"

"सुतार."

"मंग फेटा राहू द्या. सुताराले फेटा शोभते. मिशी?"

"दाढी हवी."

"मिशी साच्यातच हाये. दाढी लावून देतो वरून."

पुढच्या शनिवारी उन्हात वाळलेले तिघे तयार होते. रामाजीने ते संत्र्याच्या पेटीत, तणसाच्या पेंढ्यात बसवून दिले. पेटी फळ्यांची, वर झाकण नाही, त्यामुळे मरियमबाई आणि योसेफ गळ्यापर्यंत तणसात आणि डोकी बाहेर, अशी ती मंडळी सौंसरच्या बसमध्ये चढली.

शनिवार असल्यामुळे गाडी जामसांवलीच्या मारुतीला जाणाऱ्यांनी भरली होती. कंडक्टर पेटीपाशी येऊन थांबला.

"ये क्या है? लगेज लगेगा."

"मूर्ती हैं," प्रमिला म्हणाली.

"भगवान हैं?" कंडक्टरचा आवाज लगेच खाली आला. "भगवान का नहीं लगता. कौन-से भगवान?"

इथे प्रमिलाने गप्प बसायला हवं होतं. पण 'झूठ तो नहीं बोल रही?' असं सिस्टरने इंदूला साऱ्या वर्गासमोर विचारलं होतं, त्याचं ओझं पेटीपेक्षा जास्त होतं. "अभी किसी के नहीं हैं," ती म्हणाली. "अभी रंग नहीं लगा."

कंडक्टरने पंच खिशात ठेवला. असा प्रश्न त्याच्या नोकरीत प्रथमच आला होता. रंग लागायच्या आधी देव हा देव धरायचा की सामान, यावर गाडीत दोन तट पडले. मागच्या सीटवरचा एक म्हातारा म्हणे, प्राणप्रतिष्ठा होईपर्यंत मातीच, लगेज लावा. पुढे बसलेली नारळवाली बाई खवळली. "मांडीवर लेकरू हाये तिच्या! डोये फुटले काय तुमचे? आन् उभी काहून ठेवली तिले? सरका थोडे!" लोक सरकले. पेटीला खिडकीपाशी जागा मिळाली. प्रमिला उभीच राहिली.

शेवटी कंडक्टरने स्वतःच्या अधिकारात निकाल दिला. नवरा-बायको मिळून एक सवारी, आणि मांडीवरचं तीन वर्षांच्या आतलं असल्यामुळे माफ. जामसांवलीच्या फाट्यावर उतरताना नारळवाल्या बाईने बटव्यातून कुंकू काढून मरियमबाईच्या कपाळाला लावलं, स्वतःच्या लावलं, आणि राहिलेलं बोट प्रमिलाच्या कपाळाला पुसलं.

आता रंग. ट्रंकेतून कुंचले काढले, तर तीनपैकी दोन कुंचल्यांचे केस झुरळांनी खाल्लेले. एक बारीक तेवढा वाचला होता. निळा रंग हवा होता, तो सौंसरात कुठेच मिळेना. मनोहरने नाश्त्याला बसल्या बसल्या सुचवलं, "मागणीपत्र..." आणि प्रमिलाच्या चेहऱ्याकडे पाहून पोह्यात तोंड घातलं. शेवटी कपड्यांची नीळ डिंकात कालवून मरियमबाईचं लुगडं रंगवलं. नथ साच्यातच होती. ती चाकूने खरवडायला गेली तर नाकपुडीही निघायला लागली, तेव्हा घाईने परत लिंपली. जगातली ही पहिली मरियमबाई नसेल नथवाली, असं तिने स्वतःला सांगितलं. पुरावा नव्हता, पण विरुद्ध पुरावाही नव्हता.

आणि मग चेहरा राहिला.

तीन दुपारी ती नुसत्या चेहऱ्यापुढे बसली. आतल्या खोलीत इंदू झोपलेली, तिचा श्वास ऐकू येई, बाहेर कुणाच्या तरी अंगणात वाळत घातलेल्या धान्यावरून हाकललेली शेळी ओरडे. पहिल्या दुपारी भुवई दोनदा पुसावी लागली. दुसऱ्या दुपारी एकदाच. तिसऱ्या दुपारी भुवई एका ओढीत गेली, तशीच जशी वरूडला खिडकीपाशी बसून जायची, आणि प्रमिलाने घाबरून आजूबाजूला पाहिलं, जणू तिने काही चोरलं होतं. डोळे तिने खाली, बाळाकडे वळवले. थोडे दमलेले. ओठांवर हसू आहे की नाही ते ज्याचं त्याने ठरवावं.

केसरबाईंनी पाहिलं आणि पहिल्यांदाच त्या सुपारी चघळायच्या थांबल्या.

"बाई, हे तं झोपेतून उठलेली दिसून राहिली. लेकराची आई दिसते खरी."

बावीस तारखेला सकाळी शाळेच्या व्हरांड्यात झाँकी मांडायची होती. गोठा प्रमिलाकडेच आला. तिने मनाशी लाकडी छपराचा नकाशा काढला होता. पण हातात ज्वारीचे धांडे आले, आणि हातांनी त्यांना जे येत होतं ते केलं. पाच धांडे उभे, वरून एकत्र बांधलेले. बर्फ म्हणून खाली कापूस पसरला. तो घरचाच वेचलेला होता, सरकीसकट, त्यामुळे बेथलेहेमात बर्फाबरोबर बियाही पडल्यासारखं दिसत होतं. वर दिवाळीचा आकाशकंदील. पुढे भगवंतरावांची पाटी, वळणदार अक्षरात: 'गोठा. मालक अज्ञात. कब्जा तात्पुरता.'

प्रमिला दोन पावलं मागे सरली, आणि तेव्हा तिला दिसलं की तिने काय केलं आहे. नथ, कुंकू, फेटा, मिशी, मांडीवर लेकरू, पाच धांडे. ही कोजागिरी होती. फक्त दोन महिने उशिरा आलेली.

काही करायला वेळ नव्हता. जबलपूरहून आलेले मोठे फादर मोठ्या सिस्टरसोबत फाटकातून आत येत होते. मोठ्या सिस्टर केरळच्या, उंच, करड्या. त्यांना तीन वर्षांत कुणी हसताना पाहिलं नव्हतं. पांढऱ्या फ्रॉकातल्या पोरी क्रिसमसची इंग्रजी गाणी म्हणायला ओळीत उभ्या होत्या. त्यांना सहा आठवडे ती गाणी शिकवली होती.

पोरींनी झाँकी पाहिली. ओळ हलली. पाचवीतली एक मोठी पोर पुढे झाली, तिने शेजारणीचा हात धरला, आणि काही कळायच्या आत ओळीचं रिंगण झालं. पांढरे फ्रॉक, सोनेरी कागदाचे पंख, आणि टाळ्या वाजवत भुलाबाईची गाणी. एकामागून एक. पोरींचा इलाज नव्हता. धांड्याच्या मांडवाखाली मांडीवर लेकरू घेऊन बाई बसली की सौंसरच्या पोरीच्या तोंडून दुसरं काही निघतच नाही.

फादर थांबले. सिस्टर थांबल्या. प्रमिलाला वाटलं, कापसात शिरावं.

आणि गाणी संपता संपता केसरबाई आल्या. हिरवं लुगडं, हातात फडक्याने बांधलेला पितळी डबा.

"केसरबाई, हे काय?" प्रमिला कुजबुजली.

"खिरापत. भुलाबाई बसली आन् खिरापत नाही? लोक काय म्हणतीन?"

रीत अशी, की डबा झाकलेलाच ठेवायचा, हलवून दाखवायचा, आणि ओळखल्याशिवाय कुणाला दाणा मिळत नाही. केसरबाई रीत मोडणाऱ्या नव्हत्या. समोर सर्वांत मोठा पाहुणा दिसला, त्याच्याच हातात त्यांनी डबा दिला. "वळखा, महाराज."

फादरनी डबा कानाशी नेऊन हलवला. आत धप् धप् झालं.

"केक?"

"नाही!" साठ पोरी ओरडल्या.

"आलू?"

"नाही!!"

"लकड़ी के... बॉल?"

पोरी आनंदाने किंचाळल्या. फादरही रंगात आले. भाषण खिशात राहिलं. संत्री झाली, अंडी झाली, साबणसुद्धा होऊन गेला. केसरबाई दर वेळी शांतपणे मान हलवत. पंधरा मिनिटं झाली आणि कार्यक्रम जागचा हलेना, तेव्हा मोठ्या सिस्टर पुढे आल्या. प्रमिलाने डोळे मिटले. सिस्टरने फादरच्या हातून डबा घेतला, हलवला नाही. फडक्यावर नाक टेकवलं. एकदा, आणि मग पुन्हा.

"गुड़," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "गुड़ और मुरमुरा. लड्डू. हमारी अम्मा बनाती थी."

"वळखलं माय!" केसरबाईंनी फडकं सोडलं, आणि पहिला लाडू सिस्टरच्या हातावर ठेवला. सिस्टर हसल्या की नाही, यावर नंतर गल्लीत मतभेद झाले. पण लाडू त्यांनी उभ्या उभ्या खाल्ला, हे सगळ्यांनी पाहिलं.

हात पुसून त्या झाँकीपाशी वाकल्या. बराच वेळ वाकूनच राहिल्या. मग जाडसर वही काढली.

"ये किसने बनाया?"

"मेरी आई ने!" इंदू पंख सावरत सगळ्यांच्या पुढे आली. साऱ्या पोरी बघत होत्या.

प्रमिलाच्या तोंडात 'हो' आला होता. तो बाहेर पडला असता तर सारं जागच्या जागी बसलं असतं.

"नहीं, सिस्टर," ती म्हणाली. "मूर्ती पांढुर्ना के रामाजी ने बनाई. मैंने सिर्फ रंग दिया. और... चेहरा."

इंदूचा एक पंख खाली आला. ती आईकडे बघत नव्हती, चपलेच्या अंगठ्याकडे बघत होती.

सिस्टरनी पुन्हा एकदा मरियमबाईकडे पाहिलं, त्या दमलेल्या, बाळाकडे वळलेल्या डोळ्यांकडे. "यही पूछ रही हूँ. चेहरा किसने बनाया?" आणि पेन टेकवून, "नाम?"

"श्रीमती मनोहर—"

"वो तो फीस की रसीद पर है. आपका नाम."

प्रमिलाला क्षणभर आठवेना. मग तिने सांगितलं. सिस्टरनी ते लिहिलं, खाली रेघ मारली आणि वही मिटली. "अगले साल तीन राजा भी चाहिए. ऊँटों के साथ. सहयोग के लिए धन्यवाद."

घरी परतताना इंदूने आईचं बोट धरलं होतं. दुसऱ्या हातात मुरमुऱ्याचा अर्धा लाडू. पंख प्रमिलाच्या काखेत. मागून केसरबाई भगवंतरावांना विचारत होत्या, की बाईले शिरवतीन कवा हे लोक, विसर्जन नदीवर का तळ्यात. भगवंतराव म्हणत होते, मालकच अज्ञात, तं संमती कोण देईन?

"आई, वहीत तुहं नाव लिव्हलं नं?"

"हो."

"मंग मी झूठ नाही बोलली."

"नाही बेटा."

इंदू थोडं चालली. लाडवाचा एक दाणा दातात अडकला होता तो जिभेने काढला.

"सिस्टर सांगे, येशूचे बाबा सुतार होते."

"हो, सुतार होते."

"आन् त्याची आई? तो नव्हता तवा ती काय करे?"